टोकाच्या घराला नंबर नव्हता

दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड मला लहानपणापासून आहे. त्यामुळं शाळेच्या जोडीला मतदार यादीचं काम गळ्यात पडलं तेव्हा बाकीचे शिक्षक कपाळावर हात मारून बसले आणि मी मनातल्या मनात खूश झाले. घरोघर जायचं, कोण कुठं राहतं, कोण कोणाचं कोण लागतं, वय किती, सगळं विचारायचं, आणि काम सरकारी असल्यामुळं समोरच्याला "तुम्हाला काय करायचं आहे?" असं म्हणायची सोय नाही. एवढी चैन मला आयुष्यात दुसरीकडं कुठं मिळाली नव्हती.

ही आठवण त्या कामाची आहे. आणि माझ्या खोडीचीही, कारण जिथं डोकवायला हवं होतं नेमकं तिथं मी डोकावले नाही.

गाव जिवतीच्या डोंगरावर, अगदी सीमेला लागून. घरं बावीस-तेवीस, सगळी गोंडांची. कापूस, तूर, ज्वारी. गावाच्या खालच्या अंगाला एक नाला आहे. राज्याची सीमा नाल्याच्या अलीकडं की पलीकडं, यावर इकडच्या आणि तिकडच्या सरकारचं अजून जमलेलं नाही. त्यामुळं गावात सगळं दोन दोन. दोन शाळा, एक माझी मराठी आणि एक तेलुगू. दोन हातपंप. राशनकार्डं दोन. ज्या दिवशी ज्या शाळेची खिचडी चांगली त्या दिवशी तिथला पट जास्त. तेलुगू शाळेचे सर आणि मी यावरून कधी भांडलो नाही, कारण आळीपाळीनं दोघांचंही भागत होतं.

मतदार कार्डंही दोन दोन. लोक दोन्हीकडं मतदान करत आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नसे. कार्ड मागायला कोणी गेलं नव्हतं. दोन्हीकडचे साहेब गाडी घेऊन आले होते आणि आपापलं कार्ड हातात ठेवून गेले होते.

मग वरून सूचना आली की एका माणसाचं नाव एकाच यादीत राहील. ज्यांची दोन कार्डं आहेत त्यांनी एक बाजू निवडायची आणि दुसरीकडचं नाव कमी करायचा नमुना भरून द्यायचा. तो भरून घेणारी मी.

मला ती सूचना पटली होती, हे आधीच सांगून टाकते. माझं माहेर गोंडपिपरीकडचं. आमच्या घरात मतदान म्हणजे सण. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून मतदानाच्या दिवशी ते धुतलेला पांढरा सदरा घालून जात आणि येताना वाटेत भेटेल त्याला शाईचं बोट दाखवत. त्या एका दिवशी माणूस लहान की मोठा हे कोणी विचारत नाही, असं ते आम्हा नातवंडांना सांगत. एका माणसाला एक मत. दीड नाही आणि अर्धंही नाही. ते ऐकत मोठी झाल्यामुळं हे दोन दोन मतांचं प्रकरण मला मनातून कसंतरीच वाटे.

मी सूचना घेऊन गावपाटलाकडं गेले. सत्तरीकडं झुकलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. पण प्रश्न विचारायला लागला की थांबत नसे. आमचं दोघांचं जमलं ते त्यामुळंच. त्यानं कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, गाव बसेल आणि मग सांगेल. मी म्हटलं, पाटीलभाऊ, यात गावानं बसायचं काही नाही. कायद्यानं ज्याचं त्यानं ठरवायचं आहे.

"तुमच्या कायद्यात मानूस हाय, म्याडम," तो म्हणाला. "आमच्यात चूल हाय."

मग त्यानं मला समजावून दिलं. मोहाच्या झाडाखाली गाव बसतं तेव्हा प्रत्येक चुलीमागं एकजण गोलात बसतो. चुलीमागं एक शब्द. हात वर करायची पद्धत नाही. पाटील एकेकाकडं पाहून विचारतो आणि शेवटच्या माणसानं हो म्हटल्याशिवाय गोष्ट ठरत नाही. एकानंही नाही म्हटलं, की उठायचं आणि पुन्हा कधी तरी बसायचं. मी लगेच विचारलं, बायकांचं काय? बायका मागं बसतात, तो म्हणाला. त्यांना काय सांगायचं ते घरून निघताना सांगून ठेवतात. मला राग आला. घरी सांगून ठेवणं म्हणजे मत नव्हे, असं मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, की त्यांचं ऐकलं नाही तर त्या दिवशी भाकर मिळत नाही, हे मॅडमला माहीत नसेल.

त्याच सुमारास मी मोबाईलवर एक लेख वाचत होते. शाळेच्या मागं एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं की नेट येतं. माझं सगळं अवांतर शिक्षण त्या खडकावर झालं आहे. लेख बेटांवरचा होता. पार पॅसिफिक महासागरात काही बेटं फ्रान्सच्या ताब्यात आहेत. तिथले लोक फ्रान्सचे नागरिक, हजारो कोसांवरच्या राष्ट्राध्यक्षाला मत देतात. पण त्यांतल्या काही बेटांवर पूर्वापार चालत आलेले राजेही आहेत, आणि जमिनीच्या, गावातल्या तंट्याच्या गोष्टी राजा आणि त्याची माणसं रूढीनं सोडवतात. दुसऱ्या एका बेटावर लग्न, वारसा, दत्तक यांना तिथल्या मूळ लोकांचा रूढीचा कायदा लागू होतो. आणि तिथल्या काही मतदानांत नंतर येऊन राहिलेल्यांना मतच देता येत नाही.

मी हे पाटलाला सांगितलं तेव्हा तो खाटेवर सरसावून बसला. राजा मत देतो का, हा त्याचा पहिला प्रश्न. मला माहीत नव्हतं. राजाची बायको देते का? तेही माहीत नव्हतं. आणि राजानं एक सांगितलं, कायद्यानं दुसरं, तर माणूस कुठं जातो? मी म्हटलं, शोधून सांगते. त्यानंतर रोज शाळा सुटल्यावर आमचा हा अभ्यास चाले. मी खडकावर चढून वाचायची आणि खाली येऊन सांगायची. एकदा बराच वेळ ऐकून तो म्हणाला, "समुंदर नाई, एवढंच. बाकी आपलंबी बेटच हाय." मला ते इतकं आवडलं की मी वहीत लिहून ठेवलं.

एका सकाळी, कापूस वेचायला जायच्या आधी, गाव मोहाखाली बसलं. मी बाजूला खुर्चीवर. गावानं जे काढलं ते ऐकून मी थक्क झाले. प्रत्येक घरानं आपले अर्धे करायचे. नवरा इकडच्या यादीत, बायको तिकडच्या. थोरला इकडं, धाकटा तिकडं. म्हणजे उद्या कोणत्याही बाजूचा साहेब "हे गाव आमचं नाही" म्हणून हातपंप किंवा नर्सबाई काढून घेऊ शकणार नाही. माणसामागं कार्ड एकच, कायद्याला बोट ठेवायला जागा नाही, आणि घरात मात्र दोन्ही राज्यं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

पाटील एकेकाला विचारत गेला. हो, हो, हो. बावीस चुलींनी हो म्हटलं आणि तो तेविसाव्या चुलीपाशी आला. तिथं एक बाई बसली होती. गोलात बसलेली ती एकटीच बाई. सत्तरीची असेल, बारीक, काटक, लुगडं घट्ट खोचलेलं. नवरा तरुणपणीच वारला, मूलबाळ नाही. गावाच्या टोकाला, माझ्या शाळेच्या पलीकडं तिची झोपडी, म्हणून गावात तिला टोकाची बाई म्हणत. तिच्या चुलीमागं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून गोलात ती.

पाटलानं विचारल्यावर ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिनं उलट विचारलं, की माझ्या घराचे अर्धे कसे करणार? ती उठून कापसाला निघून गेली आणि गोष्ट तशीच राहिली.

आता माझा पराक्रम ऐका.

माझ्याकडं मुदत थोडी होती. मी पाटलाच्या अंगणात खाट टाकून बसले आणि सांगितलं, गावाचं ठरेपर्यंत निदान घरनिहाय कच्ची यादी तरी करून ठेवते, कार्डं घेऊन इथंच या. डोंगरावर एवढी चढ-उतार कोण करतो? टोकाच्या बाईची कार्डं तिच्या धाकट्या दिराच्या सुनेनं आणून दिली, बाई शेतात होती. मोबाईलमध्ये तिची माहिती भरताना घर क्रमांकापाशी गाडी अडली. ग्रामपंचायतीनं घरांवर नंबर रंगवले होते, पण रंगवणारा टोकापर्यंत गेलाच नव्हता. नंबर नाही, आणि रकाना कोरा ठेवला तर मोबाईल पुढं सरकेना, लाल अक्षरात ओरडत राहिला. मी थोडा विचार केला आणि तिच्या दिराच्या घराचा नंबर टाकला. सतरा. लाल अक्षरं गेली. शिवाय माझ्या लक्षात आलं, की दिराच्या घरात चार माणसं, दोन इकडं आणि दोन तिकडं. बाई त्यांच्यात धरली की तिच्या अर्ध्यांचाही प्रश्न सुटला. मी स्वतःच्याच हुशारीवर अशी खूश झाले, की पाटलाच्या घरात दुसरा चहा मागितला.

चार दिवसांनी कच्च्या यादीचं वाचन. तशी पद्धतच आहे, यादी गावासमोर मोठ्यानं वाचायची म्हणजे चूक कळते. पुन्हा मोहाखाली सगळे जमले. मी घर क्रमांक वाचायची, मग त्या घरातली नावं, आणि गोलातला त्या घरचा माणूस "हाय" म्हणायचा. वर्गात हजेरी घेतल्यासारखं छान चाललं होतं. घर क्रमांक सतरा. दीर, त्याचा मुलगा, सून, नातू, आणि शेवटी टोकाची बाई.

"हाय" आला नाही.

मी चष्म्यावरून वर पाहिलं. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावले होते. दीर मान खाली घालून काडीनं माती उकरत होता. तोही सत्तरीच्या आसपासचा, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. टोकाची बाई गोलातून उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि सावकाश चालत मागं जाऊन बायकांत बसली. एकीनं सरकून तिला जागा दिली. मला वाटलं, उन्हाला कंटाळली असेल. मी अठरा नंबर वाचायला घेतला तेव्हा पाटलानं हात वर करून मला थांबवलं आणि बाजूला नेलं.

त्याच्याकडून कळलं ते असं. त्यांच्यात थोरला भाऊ वारला की त्याच्या विधवेला धाकटा दीर ठेवून घेऊ शकतो, तिच्या मर्जीनं. लग्नासारखाच मान असतो त्याला. बाई दिराच्या चुलीवर आली की झालं. या दिरानं चाळीसेक वर्षांपूर्वी विचारलं होतं आणि या बाईनं नाही म्हटलं होतं. गावाच्या टोकाला झोपडी घालून वेगळी चूल पेटवली, आणि पेटवली म्हणून गोलात येऊन बसली. तेव्हा काही जणांना ते आवडलं नव्हतं. पण चूल आहे म्हटल्यावर उठ म्हणणार कोण? आणि आज मी, सरकारी कागद हातात धरून, झाडाखाली सगळ्या गावासमोर वाचून दाखवलं होतं, की बाई दिराच्या घरात आहे. म्हणजे तिची चूल विझली. म्हणजे गोलातली तिची जागा गेली.

मी म्हटलं, अहो पाटीलभाऊ, तो नुसता नंबर आहे. दोन मिनिटांत दुरुस्त करते.

"मोबाईलमधे कराल," तो म्हणाला. "लोकाइच्या कानातलं कसं काढता?"

मला इतकी लाज वाटली की वर बघवेना. मीच ना ती, बायकांना गोलात जागा नाही म्हणून पाटलाशी वाद घालणारी? त्या सगळ्या गोलात एकच बाई होती, आणि तिला मी खाटेवर बसल्या बसल्या एका आकड्यानं उठवलं होतं. हजारो कोसांवरच्या बेटांवर राजाची बायको मत देते की नाही याची मला काळजी. शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या घरात मी कधी पाय ठेवला नव्हता.

उपाय पाटलानंच सांगितला. असा प्रकार गावात पूर्वी कधी झाला नव्हता, त्यामुळं त्यासाठी कुठली रीत ठरलेली नव्हती; त्यानं तो तिथं उभ्या उभ्या काढला. मोजणी चुकली आहे तर पुन्हा मोजायची. पण खाटेवरून नाही. प्रत्येक घरात आत जायचं, चूल डोळ्यांनी पाहायची, आणि मग पुन्हा वाचायचं.

रविवारी सकाळी मी निघाले. प्रत्येक घरात चुलीपाशी बसवलं आणि प्रत्येक घरात काळा चहा. दुपारपर्यंत माझं पोट नगाऱ्यासारखं झालं. पण खोटं कशाला बोलू, इतकी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती. एका घरात दोन चुली निघाल्या. दोघी जावांनी पोळ्यापासून वेगळं रांधायला घेतलं होतं आणि घराबाहेर कोणाला कळू दिलं नव्हतं. मी आत गेल्यावर दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. तेवीस चुलींच्या चोवीस झाल्या.

टोकाच्या घरी मी सगळ्यांत शेवटी गेले. बाई दारात बसून कापसातला काडीकचरा निवडत होती. मी वाकून आत गेले. एक खाट, दोन मडकी, दोरीवर लुगडं, आणि कोपऱ्यात सारवलेली चूल. राख गार होती.

"चूल पेटवली नाही का बाई?"

"कागदात नाई ना माही चूल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. चार दिवस ती फुटाण्यांवर आणि शेतातल्या कच्च्या शेंगांवर होती, हे मला शेजारणीनं आधीच सांगितलं होतं.

मी तिच्याजवळ खाली बसले आणि माफी मागितली. शिक्षकाला माफी मागायची सवय नसते, त्यामुळं ती जरा लांबली. ती कापूस निवडत ऐकत होती. मग माझ्या खोडीनं उचल खाल्लीच. मी विचारलं, बाई, दीर वाईट होता का? ती हसली. वाईट कुठला, ती म्हणाली. तेव्हाही चांगला होता आणि आताही आहे. नवरा गेला त्या वर्षी त्याच्याच बैलांनी तिचं वावर वखरून झालं. मग नाही का म्हणालात, मी विचारलं.

तिनं हातातला कापूस बाजूला ठेवला. "त्याच्या घरी भाकर भेटली असती, म्याडम. पन कोनी मले इचारलं नसतं." ती पुढं म्हणाली, "आता गावात कोनतीबी गोष्ट असो, पाटील माह्याकडं पाह्यते अन् म्हन्ते, बाई, तुहं काय म्हननं हाय? तेवढ्यासाठी हाय ही चूल. नाईतं एकट्या जिवाले किती लागते?"

मग तिनं मला विचारलं, तुमचं नाव कोणाच्या घरात आहे?

आता हा प्रश्न मी रोज लोकांना विचारत होते, पण मला कोणी विचारला नव्हता. माझं लग्न मोडून बरीच वर्षं झाली. तेव्हा भावानं स्वतःच धावपळ करून माझं नाव गोंडपिपरीच्या त्याच्या घर क्रमांकावर टाकून घेतलं, आणि मी हुश्श म्हटलं होतं. त्यानंतर मी जिवतीत भाड्यानं खोली घेतली. एकटी रांधते, एकटी जेवते, सगळ्या डोंगराचे पत्ते दुरुस्त करते, आणि माझं नाव अजून भावाच्या घरात. मी तिला हे सगळं सांगितलं.

"मंग तिथी तुमाले कोनी इचारते का?" ती म्हणाली.

भाऊ माझा चांगला आहे. घर रंगवताना त्यानं रंग ठरवला, आईचं आजारपण आलं तेव्हा दवाखाना ठरवला, आणि प्रत्येक वेळी मला फोन करून प्रेमानं कळवलं. मी तिला नुसती मान हलवून नाही म्हटलं. ती उठली, काटक्या मोडल्या आणि चूल पेटवली. त्या दिवशीचा तेविसावा की चोविसावा चहा मी तिथं बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. वहीत लिहिलं: टोकाचं घर, चूल एक, माणूस एक. ग्रामसेवकांना फोन लावून नंबर मागितला. त्यांनी तेवीस दिला. शाळेच्या फळ्यासाठी आणलेल्या रंगातून उरलेला काळा रंग होता, त्यानं मी तो दाराच्या चौकटीवर माझ्या हातानं रंगवला. तीन जरा वाकडा आला.

दुसऱ्या वाचनाला सगळं गाव हजर होतं. गोलात तिची जागा कोणी घेतली नव्हती. तेवढीच एक फट राहिली होती आणि ती बायकांत मागं बसली होती. मी वाचत गेले. सतरा नंबरला चारच नावं. दीर "हाय" म्हणाला. शेवटी घर क्रमांक तेवीस आणि एकच नाव. "हाय," ती मागूनच म्हणाली, उठली, आणि पुढं येऊन आपल्या जागेवर बसली. जावांपैकी धाकटीचा नवराही नव्यानं गोलात आला आणि कुठं बसावं ते न कळून उभाच राहिला, तेव्हा सगळे हसले.

मग पाटलानं अडलेली गोष्ट पुन्हा काढली. बाकीच्यांनी हो म्हटलं. तो तिच्याकडं वळला.

"बाई, तुहं काय म्हननं हाय?"

"मी इकडं राहीन," ती म्हणाली. "माहा नवरा इकडच्या मातीत हाय. पन तुमचे सगळ्याइचे अर्धे तिकडं राह्यतीन, माहं कोनी नाई. उद्या तिकडून काई आलं तं टोकाच्या घरासाठी कोन बोलन? हे सांगा, मंग मी हो म्हनीन."

प्रत्येकानं आपापल्या घराचे अर्धे मोजले होते, आणि एकाच माणसाच्या घराला दुसरा अर्धा कुठून आणायचा हे अजून कोणाला सुचलं नव्हतं. पाटील जमिनीकडं पाहत राहिला. मला वाटलं, आता उठायचं आणि पुन्हा कधी तरी बसायचं. माझी मुदत तर दोन दिवसांवर आली होती.

तेवढ्यात दीर खाकरला. "माहं नाव तिकडं टाका," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "आमच्या घरचं बरोबर हाय, नातू इकडं येईन माह्या जागी. मी आमच्या घरचा नाई धरायचा. मी हिच्या चुलीचा तिकडचा मानूस."

त्याच्या मुलानं हरकत घेतली. बाबाचे गुडघे दुखतात, तिकडचं केंद्र नाला उतरून पुढं दोन टेकड्यांपलीकडं आहे, आणि बाबाला तेलुगूचं अक्षर येत नाही. अक्षर मले इकडचंबी नाई येत, एवढंच म्हातारा म्हणाला. टोकाची बाई त्याच्याकडं बराच वेळ बघत होती. मी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. ते पुसायच्या फंदात न पडता ती पाटलाला म्हणाली, "हो."

आजोबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे.

दिराचा नाव कमी करायचा नमुना मी तिथंच भरला. त्यात कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, स्थलांतरित. आणि तो म्हातारा समोर, जन्मापासून ज्या मातीवर बसत आला होता त्याच मातीवर बसून अंगठा पुसत होता. पाटलानं विचारलं, बेटांवर असं काही असतं का? मी म्हटलं, लेखात तरी नव्हतं. मंग त्या बेटावाल्याइलेच इचारा, तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मी माझाही नमुना भरला. जिवती, भाड्याची खोली, घर क्रमांक वेगळा. भावाचा फोन आला, आवाज दुखावलेला. आमच्या घरात नाव राहायला तुला काय त्रास होता? काहीच त्रास नव्हता. पण ते त्याला फोनवर समजावून सांगणं मला जमलं नाही, आणि आम्ही दोघंही थोडं रडलो.

पुढं निवडणूक आली तेव्हा तिकडचं मतदान आधी होतं, इकडं शाळा सुरूच होती. मी सकाळी कुलूप काढत होते तेव्हा दीर काठी टेकत शाळेवरून पुढं गेला. धुतलेला पांढरा सदरा, डोक्याला फेटा. नाल्याची वाट दुसरीकडून आहे, म्हणून मी बघत राहिले. तो टोकाच्या घरापाशी थांबला, उंबऱ्याच्या बाहेरच. बाई दारात आली.

"मी निंगलो तिकडं," तो म्हणाला. "कोनाले देऊ? तुहं काय म्हननं हाय?"

खरं तर मी पुढं होऊन सांगायला हवं होतं, की भाऊ, मत ज्याचं त्याचं असतं, गुप्त असतं, दुसऱ्याला विचारून द्यायचं नसतं. माझं कामच होतं ते. बाई आत गेली, चुलीवरचा तवा उतरवून ठेवला, हात पुसत परत आली आणि हळू आवाजात त्याला काहीतरी म्हणाली. त्यानं मान हलवली आणि नाल्याकडं चालू लागला. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी विचारलंही नाही.